आजोबांची सायकल आणि सव्वा सुताचे छर्रे

(मंडळाच्या गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीपुढे बोलायचे तर संतवाङ्मय, शिवकाल, नाहीतर मधुमेह असे विषय ठरलेले असतात. मला कार्यवाहांनी सांगितले, "तुम्ही जुन्या सायकली दुरुस्त करता ना, मग त्यावरच बोला." अख्ख्या सायकलीवर बोलायला बसलो तर आरतीची वेळ टळेल. म्हणून एकाच गोष्टीवर बोलतो. हँडलखालच्या वाट्या आणि त्यातले छर्रे. विषय छोटा आहे, पण आजोबांची सायकल पुन्हा रस्त्यावर येणार की नुसती रंगवून भिंतीला टेकवली जाणार, हे मी पाहिलेल्या बहुतेक सायकलींच्या बाबतीत याच जागी ठरले.

आपल्या घराघरांत या सायकली आल्या कशा, ते थोडक्यात सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. कोर्टकचेरी, कॉलेज, लग्नाचा बस्ता, सगळे नागपूरलाच. सायकलही तिथूनच यायची. पांढुर्ण्याला मोठी लाईन होती, सौंसरला छोटी लाईन, जी २०१५ साली बंद होऊन आता मोठी झाली. मास्तर, पटवारी, पोस्टमन, संत्र्याच्या बागा बघणारे दिवाणजी, ज्यांना रोज पाच-सात मैल फिरावे लागे त्यांनी सायकल घेतली, आणि ती इतकी जपली की दसऱ्याला बैलगाडीआधी तिला हार पडायचा. ती माणसे गेली. सायकली अजून कोठ्यात, गोठ्याच्या आढ्याला, माळ्यावर आहेत.

आता आपली सायकल कोणती ते आधी ओळखा. पुढच्या आखूड नळीवर पितळी बिल्ला असतो. त्यावर बगळ्याची मान दिसली तर रॅले. तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या दिसल्या तर बीएसए. ही कंपनी मुळात बंदुकाच बनवायची, नावातच बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स आहे. पण नुसत्या नावावर जाऊ नका. १९४९ साली मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्सचा कारखाना निघाला आणि हर्क्युलस तिथे बनू लागली. त्यानंतर थोड्याच वर्षांत बंगालात आसनसोलजवळ सेन-रॅले आली. म्हणजे घरातली हर्क्युलस बर्मिंगहॅमची असू शकते किंवा अंबत्तूरची, रॅले नॉटिंगहॅमची असू शकते किंवा आसनसोलची. पुढे सोनीपतची अ‍ॅटलस, लुधियानाची हिरो. बिल्ल्यावर, चेनकव्हरवर, हबवर कुठेतरी गावाचे किंवा देशाचे नाव कोरलेले असते. रंग खरवडण्याआधी ते वाचून वहीत लिहून ठेवा. सुटे भाग शोधताना याच नोंदीचा उपयोग होतो.

शब्दांचेही एकदा ठरवून घेऊ. आपण घरी मराठी बोलतो, पण सायकलच्या दुकानात गेलो की हिंदीत शिरतो. पुण्याचे लोक बॉल म्हणतात त्याला आपण छर्रे म्हणतो, ते फोर्क म्हणतात त्याला आपण चिमटा म्हणतो. मी छर्रे आणि चिमटाच म्हणणार आहे.

चिमट्याची वरची दांडी फ्रेमच्या पुढच्या नळीतून वर येते. या नळीच्या वरच्या तोंडाशी एक आणि खालच्या तोंडाशी एक, अशा छर्ऱ्यांच्या दोन रांगा असतात. प्रत्येक रांग दोन कड्यांच्या मध्ये फिरते. खाली एक कडे चिमट्याच्या खांद्यावर ठोकून बसवलेले आणि एक वाटी नळीत बसवलेली. वर एक वाटी नळीत आणि तिच्यावर आटे असलेले कडे, जे दांडीवर फिरवून घट्ट-सैल करता येते. त्याच्यावर वायसर, बहुतेक जुन्या सायकलींना दिव्याची पट्टी, आणि सगळ्यांत वर नट. एवढ्या सगळ्याला मिळून हेडसेट म्हणतात. त्यावर तुमच्या वजनाचा काही भाग आणि रस्त्याचा प्रत्येक खड्डा येऊन आपटतो.

चाकातले छर्रे गोल गोल फिरत राहतात. हँडलमधले फिरत नाहीत. सरळ रस्त्याने जाताना ते एकाच जागी बसून दणके खातात, त्या जागचे ग्रीस बाजूला सरकते, आणि वर्षानुवर्षांनी वाटीत छर्ऱ्याच्या आकाराचे खळगे पडतात. धातूचा कठीणपणा पोलादी गोळी दाबून मोजण्याची रीत ब्रिनेल नावाच्या स्वीडिश इंजिनिअरने १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली. आम्ही पॉलिटेक्निकमध्ये ती परीक्षेपुरती पाठ केली होती. आजोबांच्या सायकलीने तोच प्रयोग चाळीस वर्षे केलेला असतो.

हे खळगे घरी ओळखता येतात. पुढचे चाक उचलून धरा आणि हँडल दोन बोटांनी हळूच फिरवा. अगदी सरळ स्थितीत आल्यावर ते 'टक' करून अडकत असेल तर वाट्या खळगल्या आहेत. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. हँडलखाली खडखड झाली तर फिटिंग सैल आहे. नुसती खडखड असेल तर घाबरू नका, कधीकधी अर्धा आटा आवळला की काम होते. पण अडकणे आवळल्याने जात नाही, उलट वाढते.

उघडताना खाली एक जुनी चादर अंथरा. रॉडब्रेकच्या सायकलीत आधी ब्रेकची उभी सळई सोडवावी लागते, मग हँडल, मग नट. चिमटा खाली येताना छर्रे पावसासारखे सांडतात. ते मोजा, कागदात गुंडाळा, वर 'वरचे' आणि 'खालचे' असे लिहा. ते पुन्हा वापरायचे नाहीत, पण माप आणि संख्या त्यांच्यावरूनच कळते.

माप घेताना जुने मिस्तरी अजून सूत बोलतात. एका इंचाची आठ सुते. मागच्या चाकात आणि पायडलच्या मधल्या धुरीत दोन सुताचे, म्हणजे पाव इंची छर्रे. पुढच्या चाकात दीड सुताचे. हँडलमध्ये बहुतेक सव्वा सुताचे, म्हणजे इंचाचे पाच बत्तिसांश, काही सायकलींत एका सुताचे. दुकानात कधी चार मिलिमीटरचे छर्रे काढून देतात आणि म्हणतात, "एकच आहे हो." एक नाही. सव्वा सूत म्हणजे ३.९७ मिलिमीटर. सगळेच चारचे घातले तर फार बिघडणार नाही. पण अर्धे जुने आणि अर्धे नवे मिसळले, तर जे तीन-चार जाड असतील तेच सगळे वजन उचलतात आणि नवीन वाटीलाही खळगे पाडतात. छर्रे नेहमी एका पुडीतले, सगळे एकदम बदला. सायकलीतली ही सर्वांत स्वस्त वस्तू आहे, तिच्यात कंजुषी करू नका.

संख्येचेही सांगतो. मागच्या चाकात एका बाजूला नऊ, पुढच्या चाकात दहा आणि पायडलच्या धुरीत अकरा, हा बहुतेक सायकलींचा हिशेब. हँडलमध्ये वाटी ग्रीस लावून पूर्ण भरायची आणि एक छर्रा काढून घ्यायचा. थोडी जागा मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर छर्रे एकमेकांना घासतात. हल्ली जाळीत बसवलेले छर्रे मिळतात. ते बसवायला सोपे, पण जाळी उलटी बसली की पत्रा वाटीला घासतो. बसवून हाताने फिरवा, खरखर आली तर उलटी करा.

आता वाट्या. रॉकेलने धुऊन, पुसून, उन्हात धरून बघा. छर्रे जिथे फिरतात तो पट्टा नुसता काळा किंवा चकचकीत असेल तर ती वाटी अजून तुमच्यापेक्षा जास्त वर्षे काढेल, तिला हात लावू नका. हलके खळगे असतील तरी एक जुनी युक्ती आहे. आधी जाळीतले छर्रे असतील तर सुटे भरून घाला. संख्या बदलली की प्रत्येक छर्रा वेगळ्या जागी बसतो आणि सगळे एकाच वेळी खळग्यात उतरत नाहीत. नखाला लागेल इतका खोल खळगा किंवा तडा असेल तेव्हाच वाटी बदलायची.

आणि बदलायची ठरली की खरी अडचण सुरू होते. सगळ्या सायकलींचा हेडसेट एक इंची, एवढे दुकानदाराला माहीत असते. आट्यांकडे कोणी बघत नाही. सर्वसाधारण इंग्लिश मापात दांडीवर एका इंचात २४ आटे असतात. नॉटिंगहॅमच्या रॅलेने स्वतःचे वेगळे माप ठेवले, एका इंचात २६. हंबरचे नाव रॅलेने १९३२ साली घेतले आणि रजचे १९४३ साली, त्यामुळे नंतरच्या हंबर आणि रज सायकलींनाही हेच माप लागू शकते. दोन आट्यांचा फरक डोळ्यांना दिसत नाही. २४ आट्यांचा नट २६ आट्यांच्या दांडीवर एक-दोन वेढे छान चढतो. मग जड होतो. आपल्याला वाटते गंज असेल, आपण तेल सोडतो, मोठा पाना लावतो. हिशेब करून पाहा. प्रत्येक आट्याला मिलिमीटरच्या आठ शतांशांचा फरक पडत जातो आणि सहाव्या वेढ्याला नटाचा आटा दांडीच्या आट्याच्या बरोबर डोक्यावर येऊन बसतो. जोर लावला तर दोघांपैकी जो मऊ तो कापला जातो. बहुतेक वेळा कापली जाते ती दांडी.

हे टाळायला कुठलेही गेज लागत नाही. मुलांच्या कंपासपेटीतली इंचाच्या खुणांची पट्टी आट्यांवर ठेवा आणि अर्ध्या इंचातले आटे मोजा. बारा आले तर २४ चे माप, तेरा आले तर २६ चे. रंगामुळे दिसत नसेल तर खडू चोळा, खाचांत पांढरे भरले की मोजता येते. बिल्ल्यावर काहीही लिहिलेले असो, प्रत्येक सायकलीचे हे मोजल्याशिवाय दुकानात जायचे नाही. सेन-रॅले असेल तरी मोजायचे, आणि कोणी मध्येच चिमटा बदलला असेल तर नक्कीच मोजायचे.

सौंसर तालुक्यातल्या एका घरातली रॅले सध्या माझ्याकडे आहे, तिच्यावर हेच बेतले. नातवाने हौसेने ती शहरातल्या एका दुकानात दिली. दुकानाचे नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण असे करणारे ते एकटे नाहीत. हँडल अडकत होते म्हणून त्यांनी नवा हेडसेट घेतला. तो चढेना. पाना लावला, वरचे आटे खराब केले. मग सोपा मार्ग काढला, अख्खा चिमटाच नवीन घातला आणि सायकल चकाचक काळी रंगवून दिली. जुन्या रॅलेचा चिमटा खांद्यावरून ओळखू येतो, दोन्ही पायांच्या डोक्यावर क्रोमचे गोल टोपण असते, छोट्या घुमटासारखे. आजीने सायकल पाहिली आणि पहिला प्रश्न केला, "हिचे घुमट कुठे गेले?" रंगाबद्दल तिने काही विचारले नाही. नव्या चिमट्यावर ब्रेकची सळईही तिरकी बसत होती. नातू परत दुकानात गेला. नशीब असे की भंगारवाला अजून आला नव्हता, जुना चिमटा मागच्या अंगणात पडून होता. तो आणला. वरचे दोन-तीन आटे चेपले होते, ते बारीक तिकोनी कानशीने एक-एक करून मोकळे केले. खालचे कडे शाबूत निघाले. पण वरचे आट्याचे कडे आणि नट, जे या चिमट्याचेच होते, ते कुठेच सापडले नाहीत. एका म्हाताऱ्या मिस्तरींना दाखवले तर म्हणाले, "भाऊ, हिचा नट हिलेच लागते, दुसरा नाही जमत."

म्हणून माझी एक विनंती आहे. सायकल कोणाकडेही द्या, पण काढलेला प्रत्येक भाग पिशवीत भरून परत मागा. गंजलेला, वाकलेला, तुटलेला, सगळा. बिलाआधी पिशवी मागा.

आटे जुळले तरी आणखी तीन मापे घ्यायची असतात. ती भराभर सांगतो, हवी त्यांनी लिहून घ्या. एक इंची हेडसेटमध्ये चिमट्याच्या खांद्यावर बसणारे कडे दोन मापांत येते, २६.४ आणि २७ मिलिमीटर. नळीत बसणाऱ्या वाट्याही दोन मापांत येतात, ३० आणि ३०.२. हा फरक पट्टीने कळत नाही, व्हर्नियर लागतो. आयटीआयमध्ये शिकणारा मुलगा शेजारी असेलच, त्याला बोलवा, त्यालाही बरे वाटेल. मोठे कडे लहान खांद्यावर सैल बसते. मग दुकानात पंचाने ठोके मारून खांदा फुगवतात किंवा डब्याच्या पत्र्याचा तुकडा एका बाजूला घुसवतात. एका बाजूला घुसवला की कडे तिरपे बसते आणि महिन्याभरात पुन्हा टकटक. पर्यायच नसेल तर पितळेचा पातळ पत्रा पूर्ण गोल गुंडाळून घाला. लहान कडे मोठ्या खांद्यावर मात्र ठोकू नका, ते तडकते.

तिसरे माप उंचीचे. दांडीच्या लांबीतून पुढच्या नळीची लांबी वजा केली की हेडसेटला किती जागा आहे ते कळते. नवा संच उंच असेल तर वरच्या नटाला दोनच आटे मिळतात. असा नट दिसायला घट्ट दिसतो आणि उताराला सुटतो. दिव्याची पट्टी काढून टाकली की जागा होते, असे सांगणारे भेटतील. पट्टी काढू नका, कमी उंचीचा संच शोधा. दांडी लांब वाटली म्हणून आरीने कापणारेही मी पाहिले आहेत. त्यांच्याबद्दल गणपतीसमोर काही बोलत नाही.

वाट्या बसवताना हातोडी कमीत कमी वापरा. हार्डवेअरच्या दुकानात लांब आटेवाला रॉड मिळतो. तो नळीतून आरपार घाला, दोन्ही टोकांना जाड वायसर आणि नट लावा, मध्ये वाट्या ठेवून हळूहळू आवळा. दोन्ही वाट्या सरळ आत जातात. काढताना मात्र ठोकावेच लागते. एका तोंडातून सळई घालून दुसऱ्या वाटीच्या कडेला, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. एकाच जागी ठोकले तर वाटी तिरपी होऊन नळीचे तोंड फाकते, आणि तिथून मग दुरुस्ती राहत नाही, वेल्डिंग सुरू होते.

ग्रीस चांगले, पिवळसर, लिथियमचे वापरा आणि हात आखडू नका. जुन्या हबवर आणि पायडलच्या धुरीवर छोटे झाकण असलेले भोक दिसते, ते तेल सोडायला असते. त्या काळी या भागांना तेलच देत, आजही चालते, फक्त वारंवार द्यावे लागते. आपल्याकडे घरोघरी खोबरेल तेल सोडायची सवय आहे. भक्तिभाव समजतो, पण खोबरेल चोवीस अंशांखाली गोठते. डिसेंबरातल्या पांढुर्ण्याच्या सकाळी सायकलीने चालायचे तरी कसे? शिवणयंत्राचे तेल फार पातळ, आठवड्यात निघून जाते. दुकानाच्या पाटीवर 'ओव्हर ऑइलिंग' लिहिलेले असते. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग आहे, पण पाटी वाचून आपण खरेच वरून तेल ओततो आणि सायकल उघडायची राहून जाते.

सगळे बसले की वरचे कडे बोटांनी आवळा. खेळ संपेल तिथे थांबा, किंचित मागे घ्या, कडे धरून ठेवून नट घट्ट करा. नट आवळताना कडेही थोडे फिरते, त्यामुळे दोन-तीनदा मागेपुढे करावे लागेल. चाक उचलून सायकल एका बाजूला कलवली तर हँडल आपोआप वळले पाहिजे. मग दोन-चार दिवस चालवा आणि पुन्हा तपासा. नव्या वाट्या थोड्या खोल बसतात, पहिल्या आठवड्यात खेळ येतोच.

पायडलची धुरी उघडणाऱ्यांसाठी एकच इशारा. चेनच्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची असते, घड्याळाच्या दिशेने फिरवली की सुटते. डावे पायडलही उलटेच. हे ठाऊक नसल्याने ज्या वाट्या फुटल्या त्यांची टोपली भरेल. आणि रॅलेचे २४-२६ चे भांडण तिथेही आहे.

एवढ्या छोट्या गोळीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे एखाद्याला वाटेल. त्याला सांगतो की छर्ऱ्यांचा धंदा सायकलीनेच उभा केला. १८६९ साली पॅरिसच्या ज्यूल सुरीरे याने सायकलीत छर्रे वापरण्याचे पेटंट घेतले, आणि १८८३ साली जर्मनीत श्वाइनफुर्टला फ्रीडरिश फिशरने गोळ्या अगदी एकसारख्या घासणारे यंत्र केले. मोटारी आणि विमाने त्यानंतरची.

आपल्याकडे मात्र सुटे भाग आटत चालले आहेत. अ‍ॅटलसने साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी थांबवला. सेन-रॅले तर कधीच गेली. पुण्याला जाल तेव्हा कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय बघा, २०१७ पासून आहे. तिथल्या सायकलींचे हेडसेट मुद्दाम वाकून बघा. मूळचा नट जागेवर असला की सायकल कशी दिसते ते कळेल.

आणि शेवटी माझे स्वतःचे काम. त्या रॅलेसाठी मला वरचे आट्याचे कडे आणि नट हवा आहे, २६ आट्यांचा. आपल्या कोठ्यात एखाद्या जुन्या रॅलेचा, हंबरचा, रजचा मोडका सांगाडा असेल तर भंगारात देण्याआधी पट्टी लावून अर्ध्या इंचात तेरा आटे मोजून बघा आणि मला निरोप द्या. मी पाने घेऊन येईन, काढून घेईन, आणि बाकीची सायकल जशीच्या तशी ठेवून जाईन. आजीने दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे.